झाड समाविष्ट

"झाड कुठंय?"

"कसलं झाड?" काकूंनी विचारलं, पण मान वर केली नाही. कटर काचेच्या मध्यावर होता, आणि काच कापताना हात मध्येच थांबला की पुढचा रस्ता काच स्वतःच्या मनाने ठरवते.

"मी नाही विचारत. गिऱ्हाईक विचारतंय." काकांनी फोन डोळ्यांपासून हातभर लांब धरला आणि कोर्टातल्या कारकुनाच्या आवाजात वाचायला घेतलं. "'आरसा मिळाला. फोटोतल्या आरशात झाड होतं, खिडकी होती, खिडकीत कावळा होता. मिळालेल्या आरशात यातलं काहीही नाही. फसवणूक. एक तारा.'"

काकूंनी रेघ शेवटापर्यंत नेली, काच टेबलाच्या कडेवर सरकवली आणि खालून हलकेच टिचकी मारली. काच निमूटपणे दोन झाली. मग त्यांनी हात पुसले.

"नाव काय त्याचं?"

"हसतमुख बेचाळीस."

"हे काय नाव झालं?"

"ॲपवर झालं."

हसतमुखने पुरावा म्हणून फोटोही पाठवला होता. त्यात काकूंनी कापलेला, कडा घासलेला आरसा एका भिंतीवर टांगलेला होता आणि आरशात समोरची दुसरी भिंत होती. दोन भिंतींच्या मध्ये पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा घातलेला एक माणूस तोंडासमोर फोन धरून उभा होता. झाड खरोखरच नव्हतं.

"सरळ लावलाय मात्र," काकू म्हणाल्या.

"तसं लिहू का त्याला?"

"नको. आधी हे सांगा, किती झाले आपले?"

"चार पूर्णांक एक शतांश."

ॲपचा नियम असा होता, की दुकानाचे सरासरी तारे चारच्या खाली गेले की दुकान झाकलं जायचं. कायमचं नाही, 'पुढील सूचनेपर्यंत'. पण पुढची सूचना आलेला विक्रेता आजवर कुणी पाहिलेला नव्हता. हसतमुखचा तारा अठ्ठेचाळीस तासांनी मोजणीत धरला जाणार होता, आणि तो धरला की चारच्या खाली.

पूर्वी असं नव्हतं. पूर्वी रस्त्यावर दुकान होतं, आणि गिऱ्हाईक तक्रार घेऊन स्वतःच्या पायांनी यायचं. काका त्याला आरशासमोर उभं करायचे, एक पाऊल मागे सरून म्हणायचे, "वा!" आणि गिऱ्हाईक केसांवरून हात फिरवत आरसा परत घेऊन जायचं. काच कापायचं काम तेव्हा काकांचंच होतं. मग एक दिवस उचलताना मोठी काच निसटली आणि काकांच्या उजव्या मनगटावरून गेली. मनगट शिवलं, पण तीन बोटं मिटायची राहिली ती राहिलीच. त्या आठवड्यापासून कटर काकूंकडे आला. सासऱ्यांनी त्यांना लग्नानंतर पहिल्याच वर्षी गंमत म्हणून शिकवून ठेवलं होतं. म्हातारा सांगायचा, काचेवर रेघ एकदाच मारायची आणि ती कानाने मारायची. काकूंनी बारा वर्षं कानाने रेघा मारल्या. मधल्या काळात जागेच्या मालकाला जागा हवी झाली, दुकान गेलं आणि राहत्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत टेबल, पाण्याचा दगड, पुठ्ठे आणि ॲप आलं.

झाडाचा फोटो हा ॲपच्याच कृपेचा प्रसाद. 'वस्तूच्या फोटोत व्यक्ती दिसता कामा नये' हा तिथला सहावा नियम. चपलांना, बादल्यांना हा नियम सोपा आहे. आरशाचा फोटो काढायला काका समोर उभे राहिले की काका दिसायचे. वाकून काढला तर टक्कल दिसायचं. अंगावर चादर घेऊन काढला तर चादर घेतलेली व्यक्ती दिसायची, आणि तो फोटो ॲपने 'भीतिदायक मजकूर' म्हणून परत पाठवला होता. शेवटी काकूंनी आरसा मागच्या खिडकीकडे तिरका वळवला, काका पलंगाखाली आडवे झाले आणि तिथून फोटो काढला. आरशात खिडकी आली, शेजारच्या मास्तरीणबाईंच्या आवारातलं झाड आलं आणि कावळा आपणहून आला. फोटो मंजूर झाला. त्या फोटोवर दोनशे बारा आरसे गेले. दोनशे अकरा जणांना आरसा म्हणजे काय ते माहीत होतं.

काकांनी डाव्या हाताच्या एका बोटाने उत्तर लिहिलं: 'आदरणीय हसतमुखजी, आरशासमोर जे असेल ते आरशात दिसते. समोर झाड असल्यास झाड दिसेल. आपले नम्र.'

दोन मिनिटांत जबाब आला: 'म्हणजे झाड वेगळे घ्यावे लागते. हे वर्णनात लिहिलेले नव्हते.'

"मुद्दा आहे त्याचा," काका म्हणाले.

"अहो, तुम्ही कुणाच्या बाजूने?"

"मी फक्त वाचतोय."

काकूंनी ॲपच्या मदत केंद्राला फोन लावायला सांगितलं. मदत केंद्रात माणूस नव्हता, सोबती नावाचा एक आवाज होता. तो फार गोड होता. 'मला तुमची अडचण समजली,' असं तो अडचण सांगायच्या आधीच म्हणाला. मग त्याने एक प्रश्न विचारला आणि तोच फोनच्या पडद्यावरही आला:

'आपल्या वस्तूमध्ये झाड समाविष्ट आहे का? हो. नाही.'

"नाही दाबा," काकू म्हणाल्या.

"थांब, खाली बारीक अक्षरं आहेत. 'नाही' म्हटलं तर फोटो दिशाभूल करणारा ठरतो. दुकान आजच झाकणार."

"मग हो दाबा."

"'हो' म्हटलं तर वस्तू अर्धवट पाठवली असं ठरतं. राहिलेला भाग अठ्ठेचाळीस तासांत पाठवायचा. नाही पाठवला तर झाकणार."

"तिसरं काही नाही?"

काकांनी पडदा वरखाली केला. "'सोबतीशी झालेला संवाद कसा वाटला' असं आहे."

टेबलावरच्या दोन्ही काचांमध्ये काका एकेकदा दिसत होते, आणि दोन्हीकडे सारखेच हवालदिल होते. काकूंनी फोन घेतला. दगडावर काच घासून घासून त्यांच्या अंगठ्याची कातडी इतकी राठ झाली होती, की पडद्याला तो अंगठा बऱ्याचदा लागतच नसे. त्यांनी तीनदा दाबलं. तिसऱ्यांदा लागलं.

"काय दाबलंस?"

"हो."

"अगं, पण झाड कुठून आणणार?"

"जिथून फोटोत आलं तिथून."

मास्तरीणबाई निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती, पण समोरच्याला उभं करूनच बोलायची सवय गेली नव्हती. काकूंनी कुंपणापाशी उभं राहून सगळं सांगितलं.

"म्हणजे तुम्ही आमचं झाड विकलंत," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"विकलं नाही हो. दिसलं ते."

"दोनशे बारा वेळा."

"कावळा पण दिसला."

"कावळ्याचं मला सांगू नका, तो माझा नाही." मास्तरीणबाईंनी झाडाकडे पाहिलं. त्याला फळ नव्हतं, फूल नव्हतं, नाव कुणाला ठाऊक नव्हतं. एकदा कुणीतरी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, 'झाड आहे, पुरे.' एकच गुण होता. बी पडेल तिथे उगवायचं. आवारात, गटाराच्या कडेला, मास्तरीणबाईंच्या जुन्या चपलेतसुद्धा. त्या आत गेल्या आणि डब्यात एक वीतभर रोप घेऊन आल्या. "हे त्याचंच पोर. घेऊन जा. आणि त्या माणसाला सांगा, पाणी रोज नको. हे लाडाने मरतं."

दुपारी पार्सलवाला आला. तो काकूंना ओळखत होता. पुठ्ठ्यावर 'काच' लिहिलेलं असलं की तो खोकं कडेवर घेतल्यासारखं उचलायचा.

"काय आहे काकू आज? हलकं लागतंय."

"झाड."

"आणि आरसा?"

"आरसा मागच्या आठवड्यात गेला."

"म्हणजे झाड द्यायचं राहून गेलं होतं."

"हो रे बाबा."

"होतं असं गडबडीत," पार्सलवाला समजूतदारपणे म्हणाला, आणि खोकं उभंच धरून पायऱ्या उतरला.

तिसऱ्या दिवशी सकाळी, मुदत संपायला दीड तास असताना, हसतमुखचा नवा अभिप्राय आला. काकांनी तो उभं राहून वाचला. 'फोटोतील झाड खिडकीच्या वर जात होते. आलेले झाड चहाच्या कपात मावते. तथापि जिवंत आहे. तीन तारे.'

दुकान वाचलं. सरासरी चारवर येऊन थांबली, खाली गेली नाही. काका खुर्चीत बसले आणि बराच वेळ आपल्या न मिटणाऱ्या बोटांकडे बघत राहिले. काकूंनी चहा टाकला. चहा उकळायच्या आत ॲपची सूचना आली.

"'अभिनंदन,'" काकांनी वाचलं, आणि ते पुढचं वाचेनात.

"वाचा की."

"'आपल्या वस्तूमध्ये झाड समाविष्ट असल्याचे आपण कळवले आहे. आपल्या याआधीच्या दोनशे अकरा ग्राहकांना झाड मिळाले नसल्याचे आढळते. त्यांना तसे कळवण्यात आले आहे.'"

दोनशे अकरापैकी बऱ्याच जणांना झाड नको होतं. पण फुकट मिळणारी वस्तू आपल्याला मिळाली नाही, हे कळल्यावर माणसाला झोप लागत नाही. संध्याकाळपर्यंत त्रेसष्ट मागण्या आल्या. एकाने विचारलं, झाड कुरिअरने येईल की कामगार येऊन लावून देतील. एका बाईने लिहिलं, आरसा वर्षापूर्वीच फुटला, पण झाड चालेल. एकाने फक्त कावळा मागितला. लगेच पडद्यावर प्रश्न आला: 'आपल्या वस्तूमध्ये कावळा समाविष्ट आहे का?' आणि काकूंनी फोन काकांच्या हातातून हिसकावून घेऊन तांदळाच्या डब्यात ठेवला.

"फोटो बदलू या," रात्रीचं जेवताना त्या म्हणाल्या.

"मागण्या बाकी असताना फोटो बदलता येत नाही."

"मग दुकानच बंद करून दुसरं उघडू."

"नव्या दुकानाला शून्य तारे. शून्य तारेवाल्याचा आरसा तू घेशील?"

काकूंनी विचार केला. नसता घेतला.

मग रोपं सुरू झाली. मास्तरीणबाईंना हे काम चांगलंच मानवलं. त्या पहाटे उठून आवारात रोपं हेरायच्या, हजेरी घ्यायच्या, आणि जे वाकडं उगवलं असेल त्याला दोन शब्द सुनावून सरळ काठीला बांधायच्या. काका डाव्या हाताने डब्यांत माती भरायला शिकले. मातीला मनगट लागत नाही. दुखापतीनंतर पहिल्यांदाच त्यांच्याकडे अख्खा दिवस पुरेल एवढं काम आलं, आणि ते गुणगुणायला लागले. काकूंना ते गुणगुणणं ऐकू यायचं आणि त्यांना काही म्हणता यायचं नाही.

त्या आपल्या टेबलाशी काच कापत होत्या. पण आता प्रत्येक नव्या मागणीत आरशासोबत झाडही द्यायचं होतं, आणि खोक्यात झाड आलं तसा आरसा लहान झाला, कारण वजनाची मर्यादा होती. आधी हातभर होता, मग वीतभर, मग पोस्टकार्डाएवढा. उतरती कडा काढायला एका आरशाला अर्धा दिवस लागायचा, दगडावर पाणी सोडत, हाताने, चारही बाजूंनी एकसारखी. पोस्टकार्डाला कडा काढत नाहीत. काकूंनी एकदा काढली, तर ॲपने कळवलं, 'वस्तूच्या कडेला दोष आढळला.'

तारे मात्र वाढत होते. चार पूर्णांक दोन, तीन, पाच. काका जेवताना अभिप्राय वाचून दाखवायचे.

"'झाड टवटवीत. पॅकिंग उत्तम.' 'झाडाला नवीन पान आलं, घरात सगळे खूश.' 'आईला झाड खूप आवडलं. सोबत एक काच पण आली, कशासाठी ते कळलं नाही.'"

"पुरे," काकू म्हणाल्या.

"अगं, पाच तारे दिलेत तिने."

"कुणाला दिलेत?"

काकांनी फोन पालथा ठेवला. "असं कसं बोलतेस. दुकान तर चालतंय ना?"

"चालतंय. मला झाडातलं ओ की ठो कळत नाही, आणि माझं दुकान चालतंय."

"गिऱ्हाइकाला तरी आरशातलं कुठे कळत होतं?"

हे काका चेष्टेत म्हणाले होते, पण बोलून झाल्यावर दोघांनाही ते चेष्टेसारखं वाटलं नाही. काकूंनी ताट उचललं. धुताना त्यांना जाणवलं, की आज दिवसभरात आपण एकही रेघ मारलेली नाही, फक्त पोस्टकार्डं मोजून ठेवली.

हसतमुख अधूनमधून लिहीत होता. त्याच्या झाडाला आता सात पानं होती. तो दर पानाला एक संदेश पाठवायचा, आणि दर संदेशात तक्रार असायची. पान डावीकडे झुकतंय. पान फोटोतल्या पानापेक्षा फिकं आहे. एकदा त्याने लिहिलं, 'झाड वाढल्याने आरसा झाकला जातो. आरसा काढून ठेवला आहे. कळावे.' काकूंनी ते स्वतः वाचलं. मग फोन काकांना दिला आणि म्हणाल्या, "ह्याला लिहा, बरं केलंत."

त्यानंतर महिन्याभराने ॲपकडून सल्ला आला. सोबतीचाच आवाज, तसाच गोड. 'आपल्या वस्तूबद्दलच्या सर्व परताव्यांचे कारण आरसा फुटणे हे आहे. आरसा वगळल्यास आपले तारे आणखी वाढतील. आरसा वगळायचा का?' खाली दोन बटणं होती: 'हो' आणि 'नंतर विचारा.'

काकांनी 'नंतर विचारा' दाबलं. दुसऱ्या दिवशी त्याने विचारलं. तिसऱ्या दिवशीही विचारलं. चौथ्या दिवसापासून तो दर तासाला विचारायला लागला, आणि विचारत असेपर्यंत नव्या मागण्या दाखवेना. काका दर तासाला काकूंच्या टेबलाशी येऊन उभे राहायचे. काही बोलायचे नाहीत, फक्त फोन दाखवायचे. काकू मान हलवायच्या. असे पाच दिवस गेले. दारात भरून ठेवलेल्या छत्तीस डब्यांतली रोपं एकमेकांत घुसायला लागली. मास्तरीणबाई कुंपणावरून ओरडल्या, "काचवाले, माझी मुलं खोळंबलीत!"

सहाव्या दिवशी काकू टेबलावरून उठल्या, हात धुतले, कोरडे केले आणि म्हणाल्या, "आणा इकडे."

"मी दाबतो. तू कशाला?"

"नको. माझ्या हातचं आहे ते."

अंगठा पहिल्यांदा लागला नाही. दुसऱ्यांदाही नाही. काका म्हणाले, "राहू दे, उद्या बघू," पण तोवर तो तिसऱ्यांदा लागला. फोनने एक आनंदी आवाज केला. दुकानाचं नावही त्याने आपणहून बदललं. आता ते 'झाड (सुटे)' होतं.

थंडी पडायला लागली तशी कोवळी रोपं माना टाकू लागली. मास्तरीणबाईंनी उपाय सांगितला: वाफ्यावर काच घाला, ऊन आत येतं, वारा येत नाही. "तुमच्याकडे काचेला काय तोटा!"

तोटा नव्हता. बोळात भिंतीला टेकून अकरा अख्ख्या काचा उभ्या होत्या. पण त्या आरशाच्या. पाठीला रंग, रंगाखाली पारा. त्यातून ऊन कसं जाणार?

"पारा खरवडून काढायचा," काकू म्हणाल्या.

"अगं, सगळा?"

"अर्धा ठेवून कुणाचं भलं होणार आहे?"

पहिली काच त्यांनी आवारात आणून दोन विटांवर उभी केली. चांगली पुरुषभर उंच होती. वाफ्याच्या मापाने खालून हातभर जास्त होती, म्हणून काकूंनी ती आधी आडवी करून कापली. एकच रेघ, कानाने. मास्तरीणबाईसुद्धा तेवढा वेळ गप्प राहिल्या. मग काच पुन्हा उभी केली. पाठीचा रंग औषधाने आधीच मऊ केलेला होता. काका पातं डाव्या मुठीत धरून काचेच्या मागे गेले. काकू पुढे उभ्या राहिल्या, कुठे राहिलंय ते सांगायला. मागून ते कळत नाही, पुढूनच कळतं.

पातं चालायला लागलं. काकूंचा डावा खांदा गेला आणि तिथे वाफा दिसायला लागला. मग पदर गेला, मग कान. जिथे गाल होता तिथे काकांचा सदरा दिसू लागला.

"वर," काकू म्हणाल्या. "अजून वर. कपाळ राहिलंय."

काकांनी कपाळ काढलं.

"डोळ्यापाशी थोडं आहे. तुमच्या डावीकडे. नाही, तुमच्या."

काकांनी तेही काढलं. मग त्यांचा हात थांबला. स्वच्छ झालेल्या काचेतून ते बायकोकडे बघत होते.

"झालं का?" त्यांनी विचारलं.

"नाही," काकू म्हणाल्या. "हनुवटी आहे अजून."

त्या हलल्या नाहीत. ती निघेपर्यंत तशाच ताठ उभ्या राहिल्या.